फक्त झोपायलाच तर जायचंय!

नाशिकच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. मेअखेरीस घरातले पाच जण पॅरिसला निघालेत: त्या, त्यांचे यजमान, ११ वर्षांची मुलगी, ६८ वर्षांच्या सासूबाई आणि ७४ वर्षांचे सासरे. सासूबाईंचे दोन्ही गुडघे दुखरे आहेत. सासऱ्यांना मधुमेह आहे, जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं. पाच रात्री पॅरिस, मग रेल्वेने स्वित्झर्लंड आणि तिथे चार रात्री. विमानाची तिकिटं झाली, पण पॅरिसात उतरायचं कुठे यावर घरात महिनाभर खल चाललाय. यजमानांनी डिस्नेलँडच्या बाजूचं, शहराबाहेरचं हॉटेल हेरलंय. खोल्या ऐसपैस, भाडं जवळजवळ निम्मं. "हॉटेलात काय, फक्त झोपायलाच तर जायचंय," असं त्यांचं म्हणणं. ताईंना खिडकीतून आयफेल टॉवर दिसणारी खोली हवी आहे, कारण "पुन्हा कुठे जाणं होणार?" यजमानांचे आतेभाऊ पॅरिसच्या पश्चिमेला उपनगरात राहतात, आमच्याकडेच उतरा, हॉटेल केलंत तर राग येईल, असा त्यांचा आग्रह. त्यात सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलंय की पॅरिसच्या उत्तर भागात पाऊलही ठेवू नका. ताई विचारतात, "यातलं मी नेमकं काय धरू आणि काय सोडू?"

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य तुमच्या यजमानांचं आहे. 'फक्त झोपायलाच तर जायचंय.' पंचविशीत मीही हेच म्हणायचे, आणि तेव्हा ते खरंही होतं. पाठीला सॅक लावून सकाळी आठला बाहेर पडायचं, रात्री अकराला येऊन आडवं व्हायचं. तुमची पाच जणांची पलटण त्यातली नाही.

दुसऱ्या दिवशीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. सकाळी लूव्र संग्रहालय. मोनालिसापर्यंत पोचता पोचता दोन तास गेलेत, संगमरवरी फरशीवर चालून सगळ्यांच्या पोटऱ्या भरून आल्यात. दुपारचा दीड. सासरे घड्याळ बघतायत. सासूबाई एका बाकावर टेकतात आणि म्हणतात, "तुम्ही या बघून, मी बसते इथेच." हे वाक्य तुम्ही अष्टविनायक यात्रेतही ऐकलं असेल. ते पहिल्यांदा कानावर पडलं की समजायचं, आता दोन-तीन तासांची विश्रांती हवी.

मुक्काम पंधरा-वीस मिनिटांवर असेल तर काय होईल? खोलीवर जायचं, पाय उशीवर घ्यायचे, चहा करायचा, साडेपाचला ताजंतवानं होऊन पुन्हा बाहेर पडायचं. आणि डिस्नेलँडच्या बाजूला असेल तर? उपनगरी रेल्वेने मध्य पॅरिसपासून तिथपर्यंत साधारण ४० मिनिटं, शिवाय लूव्रपासून स्टेशन आणि स्टेशनापासून हॉटेल हे दोन्हीकडचं चालणं. एका फेरीला तास सहज जातो. मग कुणी दुपारी परत येत नाही. सगळे बाकावर बसून राहतात आणि संध्याकाळी एकमेकांवर खेकसतात.

रात्रीचं तर वेगळंच. मेअखेरीस पॅरिसात सूर्य मावळतो साधारण पावणेदहाला. आयफेलचे दिवे चमचमतात ते अंधार पडल्यावर, दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं. म्हणजे तुमच्या मुलीला ती चमचम दाखवायची तर दहा किंवा अकरा वाजणारच. तिथून उपनगरात पोचेपर्यंत बारा. नाशिकला साडेनऊला झोपणाऱ्या सासऱ्यांना तुम्ही असं किती दिवस फिरवणार?

म्हणून हॉटेल निवडताना मी एकच प्रश्न विचारते: इथून निघालेला माणूस दुपारी परत येऊ शकतो का? आयफेल किती लांब, लूव्र किती लांब, हे सगळं नंतर.

आता पैशांचं. यजमानांची वही चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. शहरात राहाल तर भाडं जास्त पडेल, खोली लहान मिळेल. फ्रान्समध्ये तीन तारांकित हॉटेलच्या दुहेरी खोलीला किमान १३.५ चौरस मीटर जागा लागते, तीही न्हाणीघर धरून. म्हणजे जेमतेम १४५ चौरस फूट. दोन मोठ्या बॅगा एकदम उघडल्या की पलंगावर चढूनच दाराकडे जायचं! तेव्हा बॅगा लहान घ्या, हा सल्ला हॉटेलच्या निवडीइतकाच मोलाचा आहे. तिकिटांचा फरक मात्र आता राहिलेला नाही. जानेवारी २०२५पासून मेट्रो आणि उपनगरी रेल्वेला सगळ्या पॅरिस प्रदेशात एकच दर झाला (तेव्हा २.५० युरो), विमानतळाचं तिकीट तेवढं वेगळं. लांब राहण्याची किंमत युरोत कमी आणि तासांत जास्त, ही गोष्ट यजमानांच्या वहीत आलेली नाही. टॅक्सीही धरा. शार्ल द गोल विमानतळावरून शहरात यायला टॅक्सीचा दर सरकारने बांधून दिलेला आहे. २०२५मध्ये सीन नदीच्या उत्तर काठाला ५६ युरो, दक्षिण काठाला ६५. शहराच्या हद्दीबाहेर गेलात की मीटर. तुम्ही पाच जण, म्हणून रांगेत मोठी गाडी मागा. पाचव्या माणसाचे थोडे जादा द्यावे लागतात. आणि विमानतळाच्या आत 'टॅक्सी? टॅक्सी?' करत मागे लागणाऱ्यांकडे ढुंकूनही बघू नका.

इथे एक युक्ती सांगते, पॅरिसला जाणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची. हॉटेलच्या नावात 'पॅरिस' आहे म्हणून ते पॅरिसात असेलच असं नाही. पत्त्यातला पिनकोड बघा. ७५ने सुरू होत असेल तरच ते शहरात. शेवटचे दोन आकडे म्हणजे वॉर्ड, ज्याला तिथे आरोंदीसमाँ म्हणतात. असे २० आहेत. पहिला मधोमध, बाकीचे गोगलगायीच्या शंखासारखे घड्याळाच्या दिशेने फिरत बाहेर जातात. ७५०१२ म्हणजे बारावा. यजमानांनी निवडलेल्या हॉटेलचा पिनकोड ७७ने सुरू होतो की नाही बघा, मी पैज लावते.

आणि हे शहर नकाशावर वाटतं तेवढं मोठं नाही. या २० वॉर्डांचं मिळून क्षेत्रफळ साधारण १०५ चौरस किलोमीटर, तुमच्या नाशिक महापालिकेच्या निम्म्याहून कमी. म्हणून 'एक तर आयफेलखाली, नाही तर डिस्नेलँडपाशी' अशी जी वाटणी तुमच्या घरात झालीय, तिच्यामध्ये आख्खं पॅरिस शिल्लक राहिलंय.

आता तुमच्याशी थोडं भांडते. खिडकीतला आयफेल. इच्छा गोड आहे, पण त्या खिडकीचं भाडं तुम्ही पाच रात्री भरणार आणि बघणार किती वेळ? पहिल्या रात्री अर्धा तास, दुसऱ्या रात्री दात घासताना. त्या भागातल्या कित्येक खोल्यांतून दिसतो तो टॉवरचा शेंडा, तोही मान वाकडी केल्यावर. त्यापेक्षा एक करा. मेट्रोची ६ नंबरची लाइन पासी आणि बीर-हाकेम या दोन स्टेशनांच्या मध्ये पुलावरून सीन ओलांडते. पासीहून बसा, मुलीला डाव्या बाजूच्या खिडकीशी बसवा. गाडी पुलावर आली की सगळा टॉवर, पायापासून टोकापर्यंत, नदीसकट समोर उभा राहतो. मिनिटभराचा खेळ आहे, पण डब्यातले रोजचे पॅरिसकरही फोनमधून मान वर काढतात.

मग राहायचं कुठे? तुमच्यासाठी माझं बोट नकाशावर बास्तीय आणि गार द लियाँ या दोन ठिकाणांच्या मधल्या पट्ट्यावर पडतं. गार द लियाँ म्हणजे पॅरिसातलंच मोठं रेल्वे स्टेशन. नाव लियाँचं, कारण गाड्या त्या बाजूला जातात. तुम्ही पत्रात ओझरता उल्लेख केलाय की पुढे रेल्वेने स्वित्झर्लंडला जाणार. जिनिव्हा, लोझान, बासेल, झुरिक, सगळीकडच्या थेट गाड्या याच स्टेशनातून सुटतात. पाच माणसं, सात-आठ बॅगा आणि सकाळची गाडी, अशा वेळी स्टेशन पायी पाच-दहा मिनिटांवर असणं म्हणजे काय, हे कल्याणला गाडी बदललेल्या माणसाला सांगायला नको. डिस्नेलँडला जाणारी थेट उपनगरी गाडीही इथूनच मिळते, म्हणजे मुलीचा तो एक दिवसही सुटला. लूव्र बास्तीयहून मेट्रोच्या १ नंबर लाइनने पाच स्टेशनं.

पण मेट्रोच्या बाबतीत सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. पॅरिसची मेट्रो १९००मध्ये सुरू झालेली, तीनशेहून जास्त स्टेशनं, आणि बहुतेकांना जिनेच जिने. सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट असलेली लाइन एकच, १४ नंबरची, १९९८मध्ये सुरू झालेली. तीही गार द लियाँला थांबते. शातले नावाच्या जंक्शनवर गाडी बदलायची वेळ आली तर शक्यतो टाळा, तिथले बोगदे संपता संपत नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खरं वाहन म्हणजे बस. पायरी बुटकी, उतरतं फळकूट, आणि खिडकीतून शहर दिसतं ते फुकट. ६९ नंबरची बस बास्तीयहून लूव्र, ओर्से संग्रहालय करत थेट आयफेलच्या मैदानापर्यंत जाते. पर्यटक कंपनीच्या दुमजली बसला जे पैसे मोजतात, त्याचं बरंचसं काम ही बस साध्या तिकिटात करते.

बास्तीयच्या जवळ प्लास दे व्होज नावाचा १६१२मध्ये पुरा झालेला चौक आहे. चारी बाजूंना एकसारख्या विटकरी इमारती, मध्ये झाडं, हिरवळ आणि बाकं. तुम्ही आणि मुलगी दुकानं बघत फिराल तेव्हा सासू-सासरे इथे तासभर निवांत बसतील. गुरुवारी आणि रविवारी सकाळी बास्तीयला मोठा बाजार भरतो; मेअखेरीस चेरी आणि स्ट्रॉबेरी चाखून घेण्यासारख्या. फक्त बास्तीयच्या चौकालगतच्या र्‍यू द लाप गल्लीत खोली घेऊ नका, तिथल्या बारमधला गलका मध्यरात्रीनंतरही थांबत नाही.

आयफेलचा हट्ट सुटतच नसेल तर १५वा वॉर्ड बघा, ला मोत-पिके-ग्रनेल स्टेशनच्या आसपास. नोकरदार वस्ती, बेकऱ्या, भाजीवाले, टॉवरच्या मैदानापर्यंत रमतगमत पंधरा मिनिटं. स्वित्झर्लंडची गाडी नसती तर कदाचित मीच हा भाग पहिला सुचवला असता.

हॉटेल की भाड्याचा फ्लॅट, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पाच जणांचं कुटुंब म्हटलं की तो प्रश्न येतोच. यावर माझी एक फजिती ऐका. काही वर्षांपूर्वी आईला घेऊन गेले होते. जाहिरातीत 'लिफ्ट आहे' असं लिहिलेलं. होती! चौदा गोल पायऱ्या चढल्यावर, पहिल्या वळणावर. जुन्या इमारतीत लिफ्ट नंतर घुसवलेली, जिन्याच्या मधल्या पोकळीत जेवढी जागा मिळाली तेवढी. आत एक माणूस आणि एक बॅग, तीही उभी. आई पर्स छातीशी धरून आत शिरली आणि दार लागता लागता म्हणाली, "अगं, ही लिफ्ट आहे का गोदरेजचं कपाट?" मी बाकीच्या बॅगा घेऊन पाच मजले जिन्याने. मालकाने खोटं काहीच लिहिलं नव्हतं. मीच विचारलं नव्हतं की लिफ्ट कुठून सुरू होते.

तेव्हापासून मी पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी विचारते. रस्त्यापासून लिफ्टच्या दारापर्यंत पायऱ्या किती? न्हाणीघरात टब आहे की साधा शॉवर? पॅरिसच्या कित्येक खोल्यांत अजून उंच कडेचा टब असतो. त्यात पाय टाकून उतरणं सासूबाईंना जमणार नाही आणि ओल्या टबातून बाहेर येणं तर मुळीच नाही. 'दूश' म्हणजे शॉवर, 'बेन्वार' म्हणजे टब, हे दोन शब्द लिहून ठेवा. खोलीत फ्रिज आहे का? इन्सुलिनसाठी लागेल. आणि पाच जणांसाठी दोन खोल्या घेतल्या तर त्या शेजारी-शेजारी, शक्यतो मधल्या दाराच्या, नक्की मिळतील का? 'प्रयत्न करू' हे उत्तर नाही समजायचं. जून ते ऑगस्टमध्ये जाणाऱ्या वाचकांनी पाचवा प्रश्न एसीचा धरावा. युरोपात एसी कशाला, असं आपल्याला वाटतं. २५ जुलै २०१९ला पॅरिसात ४२.६ अंश तापमान होतं.

तुमच्या बाबतीत मला सगळ्यात बरं वाटतं ते छोटं स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट-हॉटेल. खाली रिसेप्शन असतं, वर दोन शेगड्या, फ्रिज आणि भांडी. कारण सासऱ्यांची वेळ आणि पॅरिसची वेळ जुळत नाही. तिथली बरीचशी रेस्टॉरंट्स दुपारी अडीचला स्वयंपाकघर बंद करतात ते थेट संध्याकाळी सात-साडेसातला उघडतात. इन्सुलिन घेऊन बसलेल्या माणसाला 'साडेसातला या' सांगून भागत नाही. खोलीत मूगडाळीची खिचडी, कोपऱ्यावरच्या दुकानातलं दही आणि काकडी असली की हा घोर मिटतो. चहाची किटली साध्या हॉटेलांत बऱ्याचदा नसते, तीही इथे मिळते. आपल्या दोन गोल पिनांचे चार्जर तिथल्या सॉकेटमध्ये बसतात, तीन पिनांचे बसत नाहीत. एक अडॅप्टर टाका. आणि खासगी फ्लॅटच घ्यायचा झाला तर जाहिरातीत नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. पॅरिसात राहतं घर पर्यटकांना वर्षात ९० दिवसांपर्यंतच भाड्याने देता येतं (२०२५च्या आधी १२० दिवस होते), आणि विनानोंदणीचा फ्लॅट ऐन वेळी हातचा गेला तर पाच जणांना घेऊन तुम्ही जाणार कुठे?

आता तो सोसायटीचा ग्रुप. 'उत्तर पॅरिस' म्हणजे त्यांना बहुधा गार दु नॉर स्टेशनचा परिसर म्हणायचा असावा. गजबज आहे, कळकट आहे, रात्री उशिरा म्हाताऱ्या माणसांना घेऊन मीही तिथे राहणार नाही. पण पाऊल ठेवू नका? अहो, स्टेशनच्या मागे ला शापेलच्या रस्त्यावर श्रीलंकेतल्या तमिळ लोकांची दुकानं ओळीने आहेत. कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, इडली, डोसा, केळीची पानं. जवळच माणिक विनायकर मंदिर आहे, १९८५मध्ये सुरू झालेलं. तिकडचा उन्हाळा संपता संपता, ऑगस्टअखेरीच्या सुमारास, तिथून गणपतीचा रथ निघतो आणि पॅरिसच्या रस्त्यावर नारळांचा खच पडतो. तुमची वेळ मेची, रथ दिसणार नाही, पण एक दिवस उजेडी तिथे जेवा आणि सासूबाईंना दर्शन घडवा. खिसेकापूंचं म्हणाल तर ते पर्यटक असतात तिथे असतात: आयफेलखाली, मोंमार्त्र टेकडीच्या पायऱ्यांवर, गर्दीच्या मेट्रोत. तुम्ही कुठे झोपता याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. कागदावर सही मागणाऱ्या मुली आणि मनगटावर दोरा बांधायला येणारी मुलं दिसली की हात खिशात घालून पुढे चालायचं.

राहिले आतेभाऊ. त्यांच्याकडे उतरण्यात दुपारच्या विश्रांतीची तीच अडचण आहे, शिवाय पाच पाहुणे, दोन खोल्या, एक संडास आणि सकाळी कामावर जाणारं जोडपं. ते प्रेमाने म्हणतायत, पण तिसऱ्या दिवशी दोन्हीकडून अवघडलेपण येतं. व्हिसाचाही भाग आहे. फ्रान्समध्ये नातेवाइकाच्या घरी राहणार असाल तर त्या नातेवाइकाला आपल्या नगरपालिकेतून 'आतेस्तासियाँ दाक्य' नावाचा निवासाचा दाखला काढावा लागतो. त्याला ३० युरोंचा स्टँप लागतो आणि वेळही जातो. सगळ्या रात्रींचं रद्द करता येणारं बुकिंग असेल तर ही भानगडच उरत नाही. आणि हो, पाच रात्री फ्रान्स नि चार स्वित्झर्लंड, म्हणून अर्ज फ्रान्सकडे. चर्चेच्या ओघात हे आकडे उलटे झाले तर अर्जही स्वित्झर्लंडकडे जाईल, तेव्हा रात्री आधी पक्क्या करा.

आतेभावांना हे पत्राने किंवा ग्रुपवर कळवू नका, यजमानांना फोन करायला सांगा. रविवारचा सगळा दिवस तुमच्याकडे, जेवूनच निघू, म्हणावं. आणि एक काम त्यांच्या गळ्यात घाला: दोन-तीन हॉटेलं निवडून नावं त्यांना पाठवा आणि म्हणा, फ्रेंचमध्ये फोन करून जरा विचारून द्या, लिफ्टच्या आधी पायऱ्या किती आणि बाथरूममध्ये दूश आहे की बेन्वार. मामींच्या गुडघ्यांसाठी म्हटल्यावर ते संध्याकाळपर्यंत तिन्हीकडची उत्तरं देतील.